हिरवे झाड, अरुंद वलय: सेंट हेलेन्सच्या राखेखालचे जुने रान, गोव्यातून वाचताना

गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणीच्या रस्त्यालगत ज्यांची काजूची बाग किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, त्यांच्या एका प्रश्नाला पंचनाम्याच्या कागदावर रकाना नाही. झाड मेले तर मोजता येते. शेतात गाळ शिरला, पीक आडवे झाले, तर तेही मोजता येते. पण झाड उभे आहे, खनिजाच्या धुळीने माखलेले पान पुसून पाहिले तर हिरवे आहे, आणि तरीही ते पूर्वीसारखे वाढत नाही, पूर्वीसारखे धरत नाही, हे कोणी आणि कशाने मोजायचे? सत्तरी तालुक्यातल्या एका वयस्क बागायतदारांनी मला हे फार सरळ विचारले होते. "सर, झाड हिरवं दिसलं म्हणून साहेब पुढे गेले. पण त्याला काय झालंय ते झाडालाच ठाऊक. ते त्याच्याकडून काढून घ्यायची काही सोय आहे का?"

सोय आहे. ती वापरून झाडांवर पडलेल्या राखेचा हिशेब जिथे वर्षानुवर्षे मांडला गेला, ते रान गोव्यापासून फार दूर, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या ईशान्येला आहे. ते प्रकरण इथे पूर्ण मांडतो. खनिजाची धूळ आणि ज्वालामुखीची राख एक नव्हे, फर आणि काजू तर अजिबात एक नव्हेत. तरीही आधी राखेकडे जायचे, कारण ती पडल्याची वेळ मिनिटापर्यंत माहीत आहे, तिचा मोठा भाग एकाच दिवशी पडला, आणि राख न पडलेले त्याच जातीचे रान तुलनेला शिल्लक होते. धुळीच्या बाबतीत इतके स्वच्छ उदाहरण हाती लागत नाही.

कोणते रान, कोणती झाडे

गोव्याच्या रानात सूचिपर्णी झाड नाही. किनाऱ्यावरचा सुरू तसा दिसतो, पण तो सूचिपर्णी नव्हे. त्याला फुले येतात आणि सुयांसारख्या दिसतात त्या त्याच्या बारीक हिरव्या डहाळ्या असतात. नाताळात घरासमोर सजवतात तो अरौकेरिया मात्र खरा सूचिपर्णी, पण तो दक्षिण गोलार्धातून आणून लावलेला. त्यामुळे सूचिपर्णी झाडांचे जुने, दाट रान म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे.

कॅस्केड पर्वतरांगेच्या उतारांवर खालच्या पट्ट्यात डग्लस फर आणि पश्चिमी हेमलॉक, आणि वर, जिथे हिवाळ्यात काही मीटर बर्फ साचते तिथे चंदेरी फर, अशी ही राने आहेत. डग्लस फर पाचशे वर्षांच्या पुढे सहज जातो. चंदेरी फरची तीन-चारशे वर्षांची झाडे तिथे असतात. या प्रकरणाचा मुख्य नायक हा चंदेरी फरच आहे, आणि त्याचे कारण त्याच्या पानात आहे.

चंदेरी फर आपली सुई लवकर टाकत नाही. एकदा आलेली सुई दहा-पंधरा वर्षे, उंचावरच्या थंडीत त्याहूनही जास्त, फांदीवर टिकते. फांदीचे टोक म्हणजे यंदाची वाढ, त्यामागचा पेर गेल्या वर्षीचा, त्यामागचा त्याच्या आधीचा. असे मागे मोजत गेले तर कोणत्या वर्षी किती सुया आल्या आणि त्यांतल्या किती उरल्या, हे फांदीवरच वाचता येते. थंड, अन्नद्रव्यांची टंचाई असलेल्या जागी ही मोठी काटकसर आहे: पान एकदा घडवायचे आणि दशकभर त्याच्याकडून काम घ्यायचे. अशा झाडाचे बरेचसे भांडवल जुन्या पानांत गुंतलेले असते. शिवाय त्याच्या फांद्या आडव्या, चपट्या पसरतात आणि सुया डहाळीची वरची बाजू झाकून टाकतात. वरून जे पडेल ते त्यावर बसते.

१८ मे १९८०

सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेच्या भूकंपाबरोबर सेंट हेलेन्सची उत्तर बाजू कोसळली. आतला दाब एकदम मोकळा झाला आणि आडवा स्फोट झाला. सुमारे ६०० चौरस किलोमीटर मुलूख त्यात उद्ध्वस्त झाला. ५७ माणसे गेली. डोंगराची उंची २,९५० मीटरवरून २,५४९ मीटरवर आली. राखेचा स्तंभ पाव तासाच्या आत २४ किलोमीटर उंचीपर्यंत चढला आणि वाऱ्याने ती राख पूर्वेकडे व ईशान्येकडे नेली. याकिमा शहरात भरदिवसा अंधार झाला. अकरा राज्यांत राख पडली.

या घटनेची जी छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यांत एका दिशेला झोपलेले हजारो ओंडके दिसतात. हे प्रकरण त्या ओंडक्यांचे नाही. स्फोटाच्या पट्ट्याबाहेर जी झाडे उभीच राहिली, ज्यांना ना आग लागली ना धक्का बसला, फक्त वरून काही सेंटिमीटर राख पडली, त्यांचे हे प्रकरण आहे. त्या दिवशी पाहणाऱ्याला ती वाचलेली झाडे वाटली असणार.

पानावर काय झाले

ज्वालामुखीची राख ही जळलेल्या लाकडाची राख नव्हे. ती खडकाची आणि काचेची पूड असते. सेंट हेलेन्सच्या राखेत साठ टक्क्यांहून अधिक सिलिका होती. चुलीतली राख झाडाला पोटॅश देते, तसे काही या राखेतून लगेच मिळत नाही, आणि नत्र तर तिच्यात जवळजवळ नसतेच. म्हणजे खत म्हणून तिचा तात्काळ उपयोग शून्य. विष म्हणूनही ती या रानात मोठी ठरली नाही. तिने जे केले ते मुख्यतः झाकून केले.

सुईवर राख बसली की उजेड अडतो, हे उघड आहे. कमी उघड आहे ती उष्णता. राखेखालची सुई उन्हात तापते, आणि स्वतःला थंड ठेवायची तिची नेहमीची वाट, म्हणजे पाण्याची वाफ सोडणे, त्याच थरामुळे अडते. वॉशिंग्टन विद्यापीठातले टॉमस हिंक्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटानंतरच्या पहिल्याच हंगामात या पानांची पाहणी केली. इजा राख पडताक्षणी पूर्ण झालेली नव्हती. राख अंगावर राहिली तशी ती उन्हाळाभर वाढत गेली आणि जुन्या सुया करपून गळत राहिल्या.

इथे त्या प्रदेशाच्या ऋतुचक्राचा हात आहे, आणि गोव्याच्या वाचकाने तो नीट लक्षात घ्यावा असे मला वाटते. कॅस्केडमध्ये पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, उन्हाळा बराचसा कोरडा. मे महिन्यात पडलेली राख धुऊन न्यायला पुढचे काही महिने जोराचा पाऊसच नव्हता. ज्या काळात झाडाने वर्षाची कमाई करायची, त्याच काळात राख पानावर बसून राहिली.

पण त्याच तारखेने झाडांना काहीसे वाचवलेही. १८ मेला उंचावरच्या रानात अजून बर्फ होते आणि फरच्या कळ्या उमलल्या नव्हत्या. त्या वर्षीच्या नव्या सुया राखेनंतर बाहेर आल्या, स्वच्छ. म्हणून त्या हिवाळ्यात एखादी फांदी पाहिली तर टोकाला कोवळा, निरोगी हिरवा पेर आणि मागे विरळ, करडी, करपलेली जुनी पाने, असे उलटे चित्र होते. दुरून मात्र झाड हिरवेच दिसणार, कारण नजर टोकावर जाते.

ज्या झाडाने पाने दोन-चार वर्षांत बदलायची, त्याचे पान गेले तर दोन-चार वर्षांत भरून येते. ज्याने दहा-पंधरा वर्षांच्या पानांवर संसार मांडला आहे, त्याला तितकाच काळ लागतो. राख कोणत्या जातीच्या झाडाला जास्त बाधली आणि कोणत्या जातीला कमी, त्यात झाडाच्या ताकदीइतकाच पानाच्या आयुष्याचा वाटा आहे. या सगळ्या अभ्यासातून मी सर्वांत मोलाची मानतो ती ही गोष्ट.

जमिनीवर काय झाले

झाडाखालच्या जमिनीचा अभ्यास डोनाल्ड झोबेल आणि जोसेफ अँटोस यांनी १९८० पासूनच हाती घेतला आणि कित्येक दशके चालू ठेवला. त्यांनी जुन्या रानातल्या अशा जागा निवडल्या, की काही ठिकाणी राखेचा थर सरासरी साडेचार सेंटिमीटर होता आणि काही ठिकाणी पंधरा. काही चौकटींतली राख त्यांनी मुद्दाम काढून टाकली, म्हणजे राख नसती तर तिथे काय उगवले असते हे शेजारीच पाहता यावे. साधी गोष्ट, पण अशी तुलनेची जागा पहिल्याच वर्षी आखून ठेवली म्हणूनच पुढच्या मोजणीला अर्थ आला.

साडेचार सेंटिमीटरमधून बरीचशी बारकी झाडे वर आली. पंधरा सेंटिमीटरखाली बरीच गुदमरली. शेवाळ दोन्हीकडे जवळजवळ गेले, कारण त्याला वर ढकलायला खोडच नसते. जिथे बर्फ होते, तिथे बर्फाच्या भाराने वाकलेली झुडपे राखेखाली तशीच अडकली. बर्फ वितळले तरी त्यांना उठता आले नाही. पंधरा सेंटिमीटर हा आकडा टीचभरही नाही, पण रानाच्या तळाची घडी बदलायला तो पुरला.

वरच्या बारीक राखेचे पावसाने कडक कवच बनते. पाणी मुरण्याऐवजी वरून वाहते, उतारावर घळी पडतात. घळी पडल्या तिथे जुनी माती उघडी झाली आणि तिथूनच पुष्कळदा हिरवळ परतली. बिळे करणाऱ्या गोफर नावाच्या प्राण्यांनी खालची माती राखेवर आणून टाकली, तीही रोपांना उपयोगी पडली. कीटकांचे मोठे नुकसान झाले. काचेचे कण त्यांच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडतात आणि कीटक कोरडा पडून मरतो. पूर्व वॉशिंग्टनमध्ये मधमाश्या अशा मेल्या.

वलयांत काय उतरले

आता त्या बागायतदारांच्या प्रश्नाचे उत्तर.

झाड आपली कमाई एका क्रमाने खर्च करते. आधी नवी पाने आणि नवी मुळे, कारण त्यांच्याशिवाय पुढची कमाई नाही. मग साठा. खोडाची जाडी वाढवणे आणि किडीविरुद्धचा राळेसारखा बंदोबस्त हे खर्च रांगेत मागे असतात. म्हणून चणचण आली की पहिली कपात खोडावर होते. फांद्यांवर अजून काही दिसत नाही, झाड हिरवे आहे, आणि आत वलय अरुंद पडायला लागलेले असते. खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलपेक्षाही बारीक अशी लाकडाची कांडी काढता येते. जिवंत, निरोगी सूचिपर्णी झाड ती जखम राळेने भरून काढते. त्या कांडीवर वर्षावर्षाचा खर्च लिहिलेला असतो.

सेंट हेलेन्सजवळच्या राखेखालच्या फरमध्ये वाढीतली घट १९८० च्या वर्षातच नोंदली गेली. पण गोष्ट तिथे थांबली नाही. स्फोटानंतर काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकातच, जुन्या चंदेरी फरच्या रानात झाडे खंगताना आणि उभ्याउभ्या मरताना दिसू लागली. राख पडताना ती मेली नव्हती. हिंक्ले, लिंडा ब्रुबेकर, जेरी फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडांची वलये तपासली आणि १९९४-९५ मध्ये निष्कर्ष मांडले. खंगणे एकट्या राखेचे नव्हते, ते राख आणि जागा यांच्या मेळातून आले होते. कोणत्या जागेवर झाड उभे आहे यावर ते ठरत होते. एकाच रानात काही झाडे सावरली, काही उतरत गेली.

मला या निष्कर्षात एक न्याय दिसतो, जो आपल्याकडच्या वादात फार क्वचित दिसतो. "राखेने मारले" आणि "झाड म्हातारेच होते" ही दोन्ही वाक्ये तिथे अपुरी ठरली. तीनशे वर्षांचे झाड खडकाळ, कोरड्या उतारावर जेमतेम हिशेब जुळवून जगत असते. त्याच्या जुन्या पानांचा मोठा भाग एका उन्हाळ्यात गेला की तो हिशेब तुटीत जातो, आणि तूट भरून येण्याआधी दुष्काळ किंवा कीड आली तर झाड जाते. मरण पाच-सात वर्षांनी येते. म्हणून त्याचे कारण शोधायला पाच-सात वर्षे मागे जाता आले पाहिजे. वलय नेमके तेच करू देते.

एक तांत्रिक अडचणही सांगून ठेवतो, कारण ती टाळली तर सगळे गणित चुकते. फार ताणात असलेले झाड एखाद्या वर्षी बुंध्याजवळ वलयच घालत नाही. मग नुसती वलये मोजली तर वर्षे कमी भरतात आणि १९८० चे वलय १९८१ चे समजले जाते. त्यासाठी अनेक झाडांच्या कांड्या एकमेकींशी ताडून, सर्वांत सामाईक असलेली अरुंद-रुंद वर्षे जुळवून तारखा ठरवाव्या लागतात.

हीच पद्धत उलटी वापरून डेव्हिड यामागुची यांनी याच डोंगराचे जुने स्फोट शोधले. जुन्या डग्लस फरमध्ये एका वर्षापासून वलये एकाएकी आक्रसलेली दिसतात. त्यावरून त्यांनी एक मोठा राखेचा थर १४७९ ची वाढ संपल्यानंतर आणि १४८० ची सुरू होण्याआधी पडला असे दाखवले. दुसरा थर १४८२ चा. पाचशे वर्षांपूर्वीचा हिवाळा लाकडावरून ओळखता आला, तर आपल्या बागेतली गेली वीस वर्षे वाचणे अशक्य मानायचे कारण नाही.

उलट जाणारी साक्ष

राख पडली की वाढ घटतेच, असा नियम मात्र करता येत नाही. अलास्कात ६ जून १९१२ ला नोव्हारुप्ताचा स्फोट झाला आणि कोडियाक बेटावर सुमारे ३० सेंटिमीटर राख पडली. लोकांना वाटले, ही जमीन आता पिढ्यान्‌पिढ्या ओसाड राहणार. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज १९१५ मध्ये पुन्हा तिथे गेले तेव्हा कुरणे हिरवी झालेली होती. जुन्या मुळांतूनच गवत राखेच्या भेगांमधून वर आले होते. तिथल्या स्प्रूस झाडांची वाढ पुढे वाढल्याचेही नोंदले गेले, आणि त्याचे कारण खालची स्पर्धा करणारा झाडोरा दबला हे दिले गेले.

मेक्सिकोतला पारिकुतिन आपल्याला जास्त जवळचा. २० फेब्रुवारी १९४३ ला तो एका मक्याच्या शेतातून उगवला आणि १९५२ पर्यंत धुमसत राहिला. जवळच्या पाईन झाडांत त्या काळाची वलये अरुंद आहेत. एकदा पडून थांबलेली राख आणि वर्षानुवर्षे पडत राहणारी राख, हा फरक गोव्यासाठी कळीचा आहे.

डिचोलीच्या उतारावर परत

खनिजाची धूळ काचेची नसते. ती लोहाच्या ऑक्साइडची आणि जांभ्या मातीची बारीक, जड, लाल पूड असते. एका दिवसात सेंटिमीटरभर थर साचत नाही. पण ती ऑक्टोबरपासून मेपर्यंत, पाऊस नसलेल्या प्रत्येक दिवशी, ट्रकमागून ट्रक, रस्त्याकडेच्या पानावर पडते. मग आपला पाऊस येतो. सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा हा पाऊस पाने धुऊन काढतो आणि सगळे पुसल्यासारखे वाटते. कॅस्केडला जे महिने मिळाले नाहीत, ते आपल्याला दरवर्षी मिळतात, हे खरे. पण झाडाची कमाई कोणत्या महिन्यांत बुडाली, हा प्रश्न धुण्याने मिटत नाही. काजूला नवी पालवी पावसानंतर येते, मोहोर हिवाळ्यात, बोंडू मार्च ते मे. झाडाच्या वर्षातला जो खर्चाचा आणि फळाचा काळ, तोच धुळीचा काळ. मोहोरावर येणाऱ्या माश्या, मुंग्या, मधमाश्या याही त्याच धुळीतून येतात.

पाऊस पानावरून उतरवतो ती धूळ जाते कुठे, तर खाली. शिरगाव, मुळगाव परिसरातल्या शेतकऱ्यांना खाणीचा गाळ वाळून शेतावर कसा कडक थर धरतो हे सांगायची गरज नाही. झाडाखालच्या जमिनीत तेच कमी प्रमाणात होत असेल, तर पाणी मुरण्याचा प्रश्न आहे आणि तो मोजता येण्यासारखा आहे.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे आपण लक्ष दिलेले नाही. गोव्याला एक प्रयोग आयता मिळाला आहे. २०१०-११ मध्ये खनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यात खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली तालुक्यात काम परत सुरू झाले. म्हणजे धूळ भरपूर, मग थांबलेली, मग थोडी, मग पुन्हा थांबलेली, आणि आता परत. खोड जर खर्च लिहून ठेवत असेल, तर या तारखा त्यात सापडायला हव्यात. सेंट हेलेन्सला एकच तारीख होती, आपल्याकडे चार-पाच आहेत.

कोणत्या खोडात शोधायचे? उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडे नेमकी वार्षिक वलये घालत नाहीत. काजू त्यासाठी भरवशाचा नाही. साग मात्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे, आणि गोव्यात वनखात्याने लावलेला साग भरपूर आहे. खाणीच्या रस्त्यालगतच्या सागातून कांड्या घ्यायच्या, आणि तितक्याच वयाच्या, तशाच जमिनीवरच्या, पण रस्त्यापासून लांबच्या सागातूनही घ्यायच्या. पाऊस दोघांनाही सारखाच. दोघांतला फरक २०१२ नंतर मिटतो का, हे पाहायचे.

या योजनेतली एक खोट आधीच ओळखून ठेवली पाहिजे. साग पानगळीचा. धूळ सर्वांत जास्त उडते त्या उन्हाळ्यात त्याच्यावर पानच नसते. मग सागाच्या वलयात काही फरक दिसला नाही, तर त्याचा अर्थ "धुळीने झाडांचे काही बिघडत नाही" असा लावला जाईल, आणि तो चुकीचा असेल. सागाचा दाखला काजूला, भिरंडीला (कोकमाला), आंब्याला लागू होत नाही. बारमाही पानांची ही झाडे आपल्या या प्रकरणातले चंदेरी फर आहेत, जरी त्यांचे पान दहा वर्षे टिकत नसले तरी. आणखी एक गोम अशी, की खाणी बंद असतानाही साठवलेल्या, लिलाव झालेल्या खनिजाची वाहतूक अधूनमधून चालू होती. त्यामुळे कोणत्या रस्त्यावर कोणत्या महिन्यांत ट्रक होते, याची गाववार नोंद आधी करावी लागेल. ती नोंद कागदांपेक्षा रस्त्याकडेच्या दुकानदारांकडे आणि पंचायतीत जास्त नीट मिळेल असा माझा अंदाज आहे.

बारमाही झाडांसाठी वलयाचे काम पट्टी करते. खोडाभोवती धातूची पातळ पट्टी स्प्रिंगने ताणून बसवायची. घेर वाढला की पट्टी सरकते, आणि तिच्यावरच्या खुणेवरून मिलिमीटरचा अंशही वाचता येतो. झाडाला इजा नाही, खर्च थोडा, शाळेतली मुलेही वाचू शकतात. मागची वर्षे तिच्यातून मिळणार नाहीत, पण पुढची मिळतील, आणि खाणी आता परत सुरू होत असताना पुढचीच हवी आहेत. पट्टी ट्रक सुरू होण्याआधी बसली पाहिजे. झोबेल आणि अँटोस यांनी पहिल्याच वर्षी चौकटी आखल्या नसत्या, तर पुढे कितीही मोजून उपयोग नव्हता.

सोबत पान. काजूच्या ठरावीक फांद्यांना दोरा बांधून पालवी कधी आली आणि ते पान किती महिने टिकले, एवढीच नोंद. रस्त्याकडेचे पान लांबच्या पानापेक्षा लवकर गळत असेल, तर झाड तेच पान पुन्हा पुन्हा घडवायला भांडवल घालते आहे, आणि ते भांडवल बोंडूतून आणि खोडातून वजा होते आहे. वन विकास महामंडळाच्या काजू लागवडीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. तिचे जुने आकडे उतारवार मिळाले तर तेही शेजारी ठेवता येतील. मात्र पावणीची बोली काजूच्या भावावर आणि हुर्राकाच्या (काजूच्या बोंडूच्या दारूच्या) मागणीवर हलते, म्हणून त्यांच्यावर एकट्यावर विसंबता येणार नाही.

पंचनाम्याबद्दल माझे म्हणणे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. एका भेटीत झाडाचे टोक दिसते, आणि टोक हे झाडाचे सर्वांत शेवटी बिघडणारे अंग आहे. सेंट हेलेन्सच्या रानात जून १९८१ मध्ये कोणी पाहणी करून "झाडे जिवंत, नुकसान नाही" असे लिहिले असते, तर त्यातल्या काही झाडांबद्दल ते पुढे खोटे ठरले असते, आणि लिहिणारा मात्र प्रामाणिक होता असेच म्हणावे लागले असते. पाहणी निदान तीन-चार हंगामांची हवी, लांबच्या तुलनेच्या झाडांसह हवी, आणि तिच्यात खोडाचा घेर आणि पानाचे आयुष्य हे दोन रकाने हवेत. भरपाई ठरवायची ती यंदाच्या काजूच्या किलोवर न थांबता झाडाच्या पुढच्या काही वर्षांच्या तुटीवर ठरायला हवी. बागायतदाराच्या मुलाने ते झाड पुढे तीस वर्षे सांभाळायचे असते.

सुरुवातीला प्रश्न विचारणाऱ्या त्या बागायतदार काकांच्या बागेत रस्त्याच्या वळणावर काजूची एक रांग आहे आणि टेकडीमागे, जिथून ट्रकचा आवाजही येत नाही, तिथे त्याच वर्षी लावलेली दुसरी. दोन्हीकडे माती तीच, रोपे एकाच ठिकाणाहून आणलेली. पट्ट्या बसवायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. पावसाळा संपून पालवी फुटायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, दोन्ही रांगांत पहिले वाचन घ्यायचे, आणि मग प्रत्येक महिन्याच्या अमावास्येला, कारण ती तारीख काकांच्या घरात कोणी चुकवत नाही.